ध्रुवांवरच्या उंच आकाशातला वारा रडारने कसा मोजतात? विदर्भातून वारंवार येणारे प्रश्न

जिल्हा परिषद शाळांतले शिक्षक, तालुक्याच्या कॉलेजांत बी.एस्सी. करणारी मुलं-मुली आणि गावच्या वाचनालयांतले जिज्ञासू वाचक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न वऱ्हाडीत आले, ते तसेच ठेवले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इतक्या वर हवाच नाही म्हणतेत, मंग वारा कायचा?

हवा आहे, पण फार विरळ. ९० किलोमीटर उंचीवर हवेची घनता जमिनीलगतच्या साडेतीन लाखाव्या भागाच्या आसपास असते. तरीही तिथल्या एका घनसेंटिमीटरमध्ये सुमारे ७० लाख कोटी रेणू असतात. ते एकमेकांवर आदळतात, एकत्र वाहतात, म्हणून त्या वाहण्याला वाराच म्हणायचं. वेग मोठा असतो. सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर, ही तिथली रोजची गोष्ट आहे आणि १०० मीटरही अधूनमधून दिसतात. मात्र त्या वाऱ्यात जोर नसतो. सेकंदाला १०० मीटरचा तो वारा अंगावर घेतला, तर त्याचा दाब जमिनीवर सेकंदाला जेमतेम सतरा सेंटिमीटर सरकणाऱ्या हवेइतकाच भरेल.

या पानावर ‘उंच आकाश’ म्हणजे साधारण ६० ते ११० किलोमीटरचा पट्टा: मध्यांबराचा वरचा भाग आणि आयनांबराची सुरुवात. त्याहून वरचं प्रश्न १० मध्ये आहे.

२. फुगा सोडा, नाहीतर उपग्रहावरून पाहा. रडारच काहून?

नागपूरच्या हवामान केंद्रातून सोडतात तसला फुगा ३०-३५ किलोमीटरवर फुटतो. उपग्रह याच्या बराच वरून फिरतो, कारण १०० किलोमीटरच्या आसपास आणला तर हवेच्या घर्षणाने तो खाली येतो. मधला पट्टा असा दोघांच्याही हातून सुटतो. उपग्रह वरून खाली पाहून काही वारे मोजू शकतो, पण एका जागेवरून तो दिवसात मोजक्याच वेळा जातो. संशोधन रॉकेट त्या थरातून थेट जातं, मात्र माप मिळतं ते काही मिनिटांचं.

कॅमेरा किंवा दुर्बिणीसारखी प्रकाशावर चालणारी साधनं आहेत. त्यांना अंधार आणि निरभ्र आकाश लागतं. ध्रुवांवर उन्हाळ्यात महिनोन्‌महिने रात्रच होत नाही. रडारला ढग, बर्फवृष्टी, मध्यरात्रीचं ऊन यातलं काहीच आडवं येत नाही. वर्षभर, तासातासाला एकाच जागेवरचा वारा हवा असेल तर रडारला आज पर्याय नाही.

३. वारा तर दिसत नाही. मग रडारची लहर परत येते ती कशावरून?

बाकीची सगळी उत्तरं या प्रश्नाभोवती फिरतात. रडार वारा मोजत नाही. हवेसोबत वाहणाऱ्या कशावर तरी लहर आपटते, त्या वस्तूची रडारकडे येण्याची किंवा दूर जाण्याची गती मोजली जाते आणि त्यावरून वारा काढला जातो. पाटाच्या पाण्याचा वेग पाहायला त्यात पळसाचं पान टाकावं, तसंच हे. म्हणून कुठलाही आलेख हाती आला की आधी विचारायचं: यात पान कोणतं होतं, आणि ते खरंच पाण्यासोबत वाहत होतं का?

ध्रुवीय रडारांना चार प्रकारची ‘पानं’ मिळतात. जळणाऱ्या उल्केच्या मागे राहणारी विद्युतभारित वायूची रेषा (प्रश्न ४). उन्हाळ्यात ८० ते ९० किलोमीटरवर बर्फाच्या सूक्ष्म कणांमुळे तयार होणारे इलेक्ट्रॉनांचे खडबडीत थर (प्रश्न ९). ६० ते ९० किलोमीटरमधल्या विरळ इलेक्ट्रॉनांवरून २-३ मेगाहर्ट्झच्या लहरींचं होणारं अर्धवट परावर्तन (प्रश्न १४). आणि आयनांबरातल्या इलेक्ट्रॉनांवरून होणारं अतिशय क्षीण विकिरण, ज्यासाठी प्रचंड रडार लागतं (प्रश्न १०).

४. उल्का रडार नेमकं काय करतं? पायरीपायरीने सांगा.

ध्रुवांवर सर्वांत जास्त चालणारं साधन हेच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

आधी प्रसारण. एका अँटेनातून ३० ते ३६ मेगाहर्ट्झच्या आसपासचे छोटे स्पंद जवळजवळ सगळ्या आकाशात पाठवतात. स्पंदाच्या वेळची शक्ती रडारागणिक ६ ते ३० किलोवॉट. स्पंदाची लांबी मायक्रोसेकंदांत मोजायची: १३ मायक्रोसेकंदांचा स्पंद अंतरात दोन किलोमीटरचा फरक ओळखू शकतो.

मग उल्का. वाळूच्या कणाएवढे तुकडे सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येतात आणि ७० ते ११० किलोमीटरमध्ये जळतात. सर्वांत जास्त ९० च्या आसपास. ज्यांच्या धक्क्याने लोणारचं सरोवर झालं तसले पाषाण इथे अभिप्रेत नाहीत, रडारचं काम या बारीक धुळीवरच चालतं. उल्केची रेषा रडारच्या नजरेला काटकोनात असेल तरच भक्कम प्रतिध्वनी मिळतो. म्हणून आकाशात पडणाऱ्या असंख्य उल्कांपैकी थोड्याच नोंदल्या जातात. त्याही दिवसाला काही हजार भरतात, शक्तिशाली रडारला दहा हजारांहून जास्त.

दिशा कशी कळते? पाच ग्रहण अँटेना अधिकच्या चिन्हासारख्या मांडतात. मधल्या अँटेनापासून एका रेषेत दोन बाजूंना दोन आणि अडीच तरंगलांब्यांवर एकेक, दुसऱ्या रेषेतही तसंच. ३२.५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ९.२ मीटर, म्हणजे अंतरं साधारण १८.५ आणि २३ मीटर. अँटेना याहून जवळ आणल्या तर एकमेकींवर परिणाम करतात. नुसत्या दूर ठेवल्या तर एकाच मापाची अनेक दिशा-उत्तरं निघतात. दोन अंतरांमधला अर्ध्या तरंगलांबीचा फरक खरं उत्तर निवडून देतो. दिशा एक ते दोन अंशांपर्यंत अचूक मिळते.

अंतर काढताना एक गाठ पडते. अनेक रडारं सेकंदाला २१४४ स्पंद सोडतात. पुढचा स्पंद निघायच्या आत आधीची लहर जाऊन-येऊन फक्त ७० किलोमीटरपर्यंतचं अंतर गाठते. म्हणजे ‘७० किलोमीटर’ असं माप आलं तर खरं अंतर ७०, १४० किंवा २१० यांपैकी काहीही असू शकतं. दिशा माहीत असल्यामुळे प्रत्येक पर्यायाची उंची काढता येते आणि ज्याची उंची ७० ते ११० मध्ये बसते तो ठेवतात. दोन पर्याय बसले तर ती उल्का टाकून देतात. उंची काढताना पृथ्वीची गोलाई विसरायची नाही: २०० किलोमीटर आडव्या अंतरावर तिच्यामुळे ३ किलोमीटरचा फरक पडतो.

शेवटी वारा. प्रत्येक उल्का वाऱ्याचा फक्त रडारच्या दिशेतला हिस्सा सांगते. पूर्व-पश्चिमेकडच्या उल्का त्या दिशेचा वारा सांगतात, उत्तर-दक्षिणेकडच्या त्या दिशेचा. एका तासातल्या, दोन-तीन किलोमीटरच्या एका थरातल्या सगळ्या उल्का एकत्र घेऊन, किमान वर्गांच्या रीतीने सर्वांत जुळणारा आडवा वारा काढतात. उभा वारा शून्य धरतात, कारण तासाभराच्या सरासरीत तो आडव्यापुढे नगण्य असतो. गणिताला दोनच उल्का पुरतात, पण पाच-सहापेक्षा कमी असतील तर उत्तरावर भरवसा ठेवू नये. पहिलं उत्तर आल्यावर फार विसंगत उल्का काढून पुन्हा गणित करतात, आणि आकडा स्थिर होईपर्यंत हे चालतं.

माथ्यापासून १०-१५ अंशांच्या आतल्या उल्का गाळतात, कारण त्या आडव्या वाऱ्याबद्दल फारसं सांगत नाहीत. ६०-६५ अंशांपलीकडच्याही गाळतात, कारण तिथे दिशेतली छोटी चूक उंचीत मोठी होते. १४० किलोमीटर अंतरावर, माथ्यापासून ५० अंशांवर, एका अंशाची चूक म्हणजे उंचीत जवळजवळ १.९ किलोमीटरची चूक.

५. उल्केची रेषा क्षणात विझते. तेवढ्यात वेग कसा मोजणार?

उल्केचा स्वतःचा वेग इथे नको असतो. उल्का जळून गेल्यावर तिची रेषा वाऱ्यासोबत सरकते, ते सरकणं हवं असतं. ३२.५ मेगाहर्ट्झला रेषा सेकंदाला ५० मीटरने दूर जात असेल तर परतणाऱ्या लहरीची कंपनसंख्या सुमारे ११ हर्ट्झने घटते. रेषा सेकंदाचा दहावा भाग टिकली, तर तेवढ्यात लहरीची कला (फेज) एका फेऱ्याहून थोडी जास्त फिरते. सेकंदाला दोन हजारांवर स्पंद जात असल्यामुळे त्या अवधीत दोनशेच्या वर मापं हाती येतात. कलेचा वेळेनुसार चढ किंवा उतार काढला की वेग मिळाला. चढ सरळ रेषेत नसेल तर ती नोंद वगळतात. बहुधा रेषा वाऱ्याने वाकलेली असते किंवा दोन जागांवरून प्रतिध्वनी येत असतो.

६. तीस मेगाहर्ट्झच का? मोबाइलवाली फ्रिक्वेन्सी काहून नाही?

उल्केची रेषा पसरत जाते आणि तिची जाडी तरंगलांबीच्या तोडीची झाली की प्रतिध्वनी मरतो. टिकण्याचा काळ तरंगलांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ९० किलोमीटरवर ३२.५ मेगाहर्ट्झला तो साधारण ०.१ सेकंद, ५३.५ मेगाहर्ट्झला ०.०४. मोबाइलच्या शेकडो-हजारो मेगाहर्ट्झला जवळजवळ काहीच उरत नाही. उलट फार खाली, दहा मेगाहर्ट्झकडे आलात तर आयनांबर लहरीच वाकवतं आणि जगभरची रेडिओ केंद्रं कानावर येतात. तीसच्या आसपास दोन्हींचा मेळ बसतो.

७. ध्रुवावरच काहून? आपल्या नागपूरले काहून नाही?

भारतात अशी रडारं आहेत. आंध्रातल्या गादंकीचं ५३ मेगाहर्ट्झचं एमएसटी (मध्यांबर, स्थितांबर, तपांबर) रडार, केरळात थुंब्याचं उल्का रडार, आणि आपल्याच राज्यात कोल्हापूरला भारतीय भूचुंबकत्व संस्थेने चालवलेलं १.९८ मेगाहर्ट्झचं रडार. प्रत्येक अक्षांशाचं काम वेगळं असतं.

ध्रुवांचं महत्त्व असं. डोंगर, वादळं, जेट प्रवाह यांमुळे हवेत उभ्या हेलकाव्यांचे तरंग उठतात. (यांना गुरुत्व तरंग म्हणतात; हिंगोलीजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो वेधशाळेत मोजायचे गुरुत्वीय तरंग वेगळे.) हे तरंग वर जाताना हवा विरळ होते म्हणून मोठे होत जातात आणि ८०-९० किलोमीटरवर फुटतात. फुटताना तिथल्या पूर्व-पश्चिम वाऱ्याला खीळ घालतात, आणि त्यातून उन्हाळी ध्रुवाकडून हिवाळी ध्रुवाकडे हवेचा संथ प्रवाह सुरू होतो. उन्हाळी ध्रुवावर हवा वर चढते, प्रसरण पावते, थंड होते. परिणाम असा की चोवीस तास सूर्य असलेल्या ध्रुवावर, ८८ किलोमीटरच्या आसपास, तापमान उणे १४० अंश सेल्सिअसच्याही खाली जातं. संपूर्ण वातावरणातली सर्वांत थंड जागा ती, आणि तीही भर उन्हाळ्यात.

तो संथ प्रवाह फक्त सेकंदाला दहा मीटरच्या घरात असतो. त्याच्यावर हवेतली बारा तासांची भरती-ओहोटी स्वार असते, तिचा हेलकावा कधी ३०-५० मीटरचा. हा प्रवाह निवडून काढायचा तर महिनोन्‌महिने खंड न पडता मापं हवीत. ध्रुवीय रडारचं खरं मोल या सातत्यात आहे.

हिवाळ्यात आणखी एक घटना घडते. स्थितांबर काही दिवसांत कित्येक अंशांनी तापतं आणि ध्रुवाभोवतीचा भोवरा मोडतो. अशा वेळी मध्यांबरातला वारा दिशा बदलतो, बरेचदा खालच्या थराच्या आधीच. उत्तर ध्रुवाला हे नेहमीचं आहे. दक्षिणेला इतकी मोठी घटना नोंदली गेली ती सप्टेंबर २००२ मध्ये.

८. आपल्या मैत्री आणि भारती केंद्रांच्या जवळ असं काही आहे का?

मैत्री १९८९ पासून, भारती २०१२ पासून. दोन्ही ७० दक्षिण अक्षांशाच्या आसपास. रेखांशात या दोघांच्या मधे जपानचं शोवा केंद्र येतं आणि तिथे पॅन्सी हे रडार आहे: ४७ मेगाहर्ट्झ, १०४५ यागी अँटेना, स्पंदाच्या वेळी सुमारे ५०० किलोवॉट. हे आकडे ऐकून वीज किती लागत असेल असं वाटतं, पण प्रवर्धक मुद्दाम काटकसरी बनवल्यामुळे एकूण खप ७५ किलोवॉटच्या आसपास ठेवला आहे. डिझेल जहाजाने वर्षातून एकदाच येतं तिथे रडारची पहिली मर्यादा हीच.

उत्तरेकडे नॉर्वेच्या आन्दोया बेटावर मार्सी (५३.५ मेगाहर्ट्झ, ४३३ अँटेना) आहे. स्वालबार्डवर, जिथे भारताचं हिमाद्री केंद्र २००८ पासून आहे, त्या द्वीपसमूहात उल्का रडारही आहे.

गावात एकेकाळी दूरदर्शनसाठी घरावर उभी असायची तीही यागीच. दूरदर्शनचा पहिला पट्टा ४७ ते ६८ मेगाहर्ट्झचा होता. त्या जुन्या काड्या अजून माळ्यावर असतील तर मुलांना दाखवा. पॅन्सीच्या अँटेनाचं तत्त्व तेच आहे.

९. ‘उन्हाळी प्रतिध्वनी’ म्हणजे काय? त्यावरूनही वारा निघतो का?

निघतो, आणि फार बारकाईने. प्रश्न ७ मधल्या कडाक्याच्या थंडीत पाण्याची जी नाममात्र वाफ आहे तिचे बर्फकण होतात. इलेक्ट्रॉन त्यांना चिकटतात, हवेच्या खळबळीने त्यांचे बारीक थर बनतात आणि ५० मेगाहर्ट्झच्या रडारला ८० ते ९० किलोमीटरवर अतिशय तेजस्वी प्रतिध्वनी दिसतो. १९७९ मध्ये अलास्कातल्या पोकर फ्लॅट इथे हे पहिल्यांदा लक्षात आलं. उत्तरेत हंगाम मेच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत.

मोठं रडार आपली किरणशलाका सरळ वर आणि चार दिशांना थोडी कलती करून आळीपाळीने मापं घेतं. मिनिटामिनिटाचा, काहीशे मीटरच्या थरांचा वारा मिळतो. उणीव अशी की हिवाळ्यात ही सोय जवळजवळ नाहीशी होते. तेव्हा उल्काच आधार.

१०. ११० किलोमीटरच्या वर काय करतात? सुपरडार्नचे नकाशे म्हणजे वाऱ्याचेच नकाशे ना?

नाही, आणि ही चूक प्रकल्पांच्या अहवालांतही दिसते. सुपरडार्न या रडारांच्या जाळ्यातली ३० हून अधिक रडारं ८ ते २० मेगाहर्ट्झवर चालतात. दूरच्या पल्ल्यात ती आयनांबरातल्या विद्युतभारित वायूची गती दाखवतात. ती विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांनी ठरते आणि सेकंदाला हजार मीटरवरही जाते. तिथलं पान पाण्यासोबत वाहत नाही. मात्र याच रडारांच्या जवळच्या पल्ल्यात उल्कांचे प्रतिध्वनी येतात, आणि त्यांवरून ९५ किलोमीटरच्या आसपासचा खरा वारा काढता येतो. तोच आकडा वापरत असाल तर अहवालात तसं लिहा.

वरच्या उंचीसाठी आयस्कॅटसारखी रडारं आहेत: नॉर्वेत ट्रॉम्सो, आणि स्वालबार्डवर लाँगयिअरबायेन (५०० मेगाहर्ट्झ, ३२ मीटरची फिरती आणि ४२ मीटरची स्थिर तबकडी). ती आयनांची गती मोजतात. ११० किलोमीटरच्या खाली आयन हवेच्या रेणूंवर इतके आदळतात की जवळजवळ वाऱ्यासोबतच जातात. त्याहून वर आयनांच्या गतीतून विद्युतक्षेत्राचा वाटा वजा करावा लागतो, आणि त्यासाठी एकाच वेळी अनेक दिशांची मापं लागतात.

११. उणे चाळीसमध्ये हे सगळं टिकतं कसं? काय बिघडतं?

अँटेनाच्या धातूला थंडीचा त्रास नाही. त्रास प्लास्टिकला होतो. साध्या पीव्हीसीची केबल वाकवताच तडकते, नायलॉनच्या पट्ट्या तुटतात. म्हणून थंडीत चालणाऱ्या आवरणाच्या केबल आणि धातूच्या पट्ट्या वापरतात.

केबलची विद्युत लांबी तापमानाप्रमाणे बदलते आणि त्यासोबत लहरीची कला सरकते. पाचही ग्रहण अँटेनांच्या केबल एकाच रिळातल्या, एकाच लांबीच्या आणि शक्य तितक्या सारख्याच परिस्थितीत टाकलेल्या असतील तर बदल सगळ्यांत सारखा होतो आणि वजाबाकीत निघून जातो. एक केबल उघड्यावर आणि चार बर्फाखाली असतील तर दिशा चुकायला लागते. ओळखायची खूण: प्रत्येक दिशेतल्या उल्कांच्या उंचीचं शिखर वेगवेगळं काढा. उत्तरेला ८९ आणि दक्षिणेला ९२ आलं तर आकाश तिरकं झालेलं नाही, केबलची कला हलली आहे.

साचणारा बर्फ दुसरी अडचण. वाऱ्याने उडालेला बर्फ अँटेनापाशी ढीग करतो. काड्या बुडाल्या की कोरड्या बर्फातही अनुनादाची कंपनसंख्या खाली सरकते, शक्ती परत येते आणि प्रसारकाचं संरक्षण त्याला बंद पाडतं. म्हणून खांब उंच ठेवतात, वाढवता येतील असे.

घासत जाणाऱ्या कोरड्या बर्फाने काड्यांवर स्थिर विद्युतभार चढतो आणि ग्राहकात गोंगाट येतो, कधी ग्राहकच जळतो. काड्यांना जमिनीशी थेट जोड आणि वाटेत विद्युतप्रपात रोधक हवा. अडचण अशी की दोन किलोमीटर जाडीच्या बर्फावर ‘अर्थिंग’ मिळत नाही. तिथे तारांची जाळी पसरून सगळ्या वस्तू एकमेकींना जोडतात, म्हणजे निदान त्यांच्यात विभवांतर राहत नाही.

बाहेरून आणलेलं सर्किट उबदार खोलीत तसंच उघडलं तर त्यावर दव धरतं. पिशवीत बंद ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. सुटे भाग दुप्पट न्यायचे. पुढचं जहाज वर्षाने.

१२. ध्रुवीय प्रकाश पडला की रडारच्या नोंदी खराब होतात का?

होतात, दोन उलट्या रीतींनी. ध्रुवीय प्रकाशाच्या वेळी १०० ते ११० किलोमीटरवर विद्युतभारित वायूत खडबडीतपणा येतो आणि त्याचे प्रतिध्वनी उल्कांत मिसळतात. त्यांचा वेग बरेचदा सेकंदाला ४०० मीटरच्या घरात असतो, ते क्षितिजाजवळ दिसतात आणि दीर्घकाळ टिकतात. गाळायला तीन चाळण्या पुरतात: प्रतिध्वनी झपाट्याने चढून हळूहळू विझणारा हवा, रडारच्या दिशेतला वेग १००-१५० मीटरच्या आत हवा, माथ्यापासूनचा कोन प्रश्न ४ मधल्या मर्यादेत हवा.

दुसरी रीत म्हणजे शोषण. सूर्याकडून प्रोटॉनांचा लोंढा आला की ६०-९० किलोमीटरमध्ये इलेक्ट्रॉन वाढतात आणि लहर जाता-येता शोषली जाते. उल्कांची संख्या घसरते. रडार बिघडलं की आकाश बदललं, हे आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओ गोंगाटावरून कळतं. तो रोज त्याच वळणाने चढतो-उतरतो आणि दर दिवशी चार मिनिटं आधी येतो. ते वळण रोजच्यासारखं असेल आणि उल्का मात्र कमी असतील तर प्रसारकाकडे पाहा. गोंगाटही घसरला असेल तर शोषण किंवा ग्राहकातला बिघाड, आणि शेजारच्या केंद्राशी ताडून पाहिलं की त्यातलं कुठलं ते ठरतं.

१३. फाइल उघडली. यू, व्ही, वेळ यांत नेहमी गोंधळ होतो. काय लक्षात ठेवू?

यू धन म्हणजे हवा पूर्वेकडे जाते आहे. हवामान खात्याच्या भाषेत हा ‘पश्चिमेचा वारा’, कारण तिथे वारा कुठून येतो ते सांगतात. व्ही धन म्हणजे हवा उत्तरेकडे जाते आहे. उत्तर ध्रुवाजवळ त्याचा अर्थ ध्रुवाकडे, अंटार्क्टिकात विषुववृत्ताकडे.

वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. त्यात साडेपाच तास मिळवून भारतीय वेळ करण्यात अर्थ नाही, कारण वाऱ्याची भरती-ओहोटी तिथल्या सूर्याप्रमाणे चालते. स्थानिक सौरवेळेसाठी रेखांशाला १५ ने भागून तेवढे तास मिळवा: शोवासाठी (३९.६ पूर्व) २ तास ३८ मिनिटं.

रिकाम्या जागी उणे ९९९ किंवा ९९९९ असा आकडा भरलेला असतो, तो सरासरीत घेऊ नका. दिवसाची सरासरी काढताना चोवीसपैकी सहा-सात सलग तास गायब असतील तर तो दिवस सोडा. नाहीतर बारा तासांची भरती-ओहोटी ‘सरासरी वारा’ म्हणून हाती येईल.

१४. एकाच जागची दोन रडारं वेगवेगळा वारा दाखवतात. खरं कोणतं?

बहुधा दोन्ही, कारण ती वेगवेगळ्या आकाशाची सरासरी सांगतात. उल्का रडार दोनशे किलोमीटरच्या आसपासच्या त्रिज्येतला तासाभराचा वारा एकत्र करतं. असं रडार नागपुरात ठेवलं तर अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया यांच्यावरचं आकाश एकाच आकड्यात येईल. मार्सीची शलाका ३.६ अंशांची, म्हणजे ८५ किलोमीटरवर पाच-साडेपाच किलोमीटर रुंद. तिला स्थानिक तरंग दिसतात, उल्का रडारला ते पुसलेले दिसतात.

२-३ मेगाहर्ट्झच्या रडारांचं मात्र वेगळं आहे. ६० ते ८५ किलोमीटरमध्ये, दिवसा, ती चांगली चालतात आणि तिथे उल्काही फार नसतात. ९० च्या वर त्यांचा वारा उल्का रडारपेक्षा कमी भरतो आणि उंचीही फसवी होते, कारण इतक्या खालच्या कंपनसंख्येची लहर दाट इलेक्ट्रॉनांत मंदावते आणि परतायला उशीर करते. ९० च्या वर मतभेद असेल तर आम्ही उल्का रडारचं मानतो.

१५. यावरून आमच्याकडची गारपीट किंवा मान्सून सांगता येईल का?

थेट नाही. गारपीट, वीज, वावधन हे सगळं खालच्या १५-२० किलोमीटरमध्ये घडतं. त्यासाठी नागपूरचं डॉप्लर हवामान रडार, आणि विजेच्या इशाऱ्यासाठी मोबाइलवरचं ‘दामिनी’ हे अ‍ॅप. कापूस वेचणीच्या दिवशी त्यांच्यावरच विसंबा. ध्रुवीय रडारांची मापं वातावरणाच्या प्रारूपांचा वरचा भाग तपासायला लागतात. प्रारूप तिथे सुधारलं की ध्रुवीय भोवऱ्याचे अंदाज सुधारतात, आणि त्याचा फायदा मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या हिवाळ्याला होतो.

१६. २०२२ च्या गुढीपाडव्याला सिंदेवाहीकडे पडलेलं ते अशा रडारने दिसलं असतं का?

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळत गेलेलं आणि सिंदेवाही तालुक्यात धातूचं कडं व गोळे टाकून गेलेलं ते चिनी चांग झेंग ३बी रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष मानले जातात. कक्षेतून येणारी वस्तू सेकंदाला ७-८ किलोमीटरने येते, सर्वांत मंद उल्केहूनही हळू, म्हणून ती एवढा वेळ दिसली. आसपास उल्का रडार असतं तर जळण्याच्या वाटेवरचा प्रतिध्वनी मिळू शकला असता, पण वाऱ्याच्या गणितातून तो गाळला गेला असता, कारण मोठ्या तुकड्याची वाट साध्या रेषेसारखी विझत नाही. नागपूरचं रडार पावसासाठी आहे. ते त्या उंचीकडे पाहतच नाही.

१७. शाळेत किंवा शेतात आम्ही स्वतः काही करू शकतो का?

वारा मोजता येणार नाही, पण उल्का नक्की ऐकता येतील. ५०० ते १५०० किलोमीटरवरचं एफएम केंद्र एरवी क्षितिजाखाली असतं. उल्केच्या रेषेवरून त्याची लहर क्षणभर पोचते. गावाकडे एफएमच्या पट्ट्यात रिकाम्या जागा पुष्कळ, ही शहरावर मात आहे.

साहित्य: आरटीएल-एसडीआर डोंगल (लॅपटॉपला जोडायचा छोटा रेडिओ ग्राहक), लॅपटॉप, अ‍ॅल्युमिनियमच्या नळीची तीन काड्यांची यागी. १०० मेगाहर्ट्झसाठी मागची काडी १.५ मीटर, मधली (मधोमध तोडून केबल जोडलेली) १.४३, पुढची १.३५; काड्यांत ६०-६० सेंटिमीटर. दूरच्या मोठ्या शहराकडे तोंड करून जराशी वर उचला. जवळ केंद्र नाही अशी कंपनसंख्या निवडा. पहाटे ४ ते ६:३० सर्वांत चांगलं, कारण तेव्हा आपण पृथ्वीच्या पुढच्या बाजूला असतो. १३-१४ डिसेंबरच्या मिथुन उल्कावर्षावात आणखी.

उल्केचा आवाज सेकंदाच्या दहाव्या भागापासून काही सेकंदांपर्यंत टिकतो. मिनिटभर थरथरत राहिला तर ते नागपूरवरून जाणारं विमान. अर्धा तास सलग आला तर ते हवेच्या थरांनी वाकवलेलं केंद्र. सेकंदाला एक ‘टक’ येत असेल तर रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन. शेजाऱ्याला विचारून पाच मिनिटं बंद करून खात्री करा. एलईडी दिवे आणि सौरपंपाचा कंट्रोलरही गोंगाट करतात, म्हणून लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

वारा का नाही? एफएमची लहर गाण्यासोबत ७५ किलोहर्ट्झपर्यंत हलते. त्यात दहा-वीस हर्ट्झचा फरक शोधणं शक्य नाही. आणि स्वतः प्रसारण करून पाहू नका, त्याला केंद्र सरकारचा परवाना लागतो.

१८. तालुक्याच्या कॉलेजातून या कामापर्यंत कसं जाता येईल?

भौतिकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी., मग नेट किंवा गेट, आणि संशोधनासाठी भारतीय भूचुंबकत्व संस्था (नवी मुंबई), राष्ट्रीय वातावरण संशोधन प्रयोगशाळा (गादंकी), भौतिक संशोधन प्रयोगशाळा (अहमदाबाद) अशा ठिकाणी अर्ज. अंटार्क्टिक मोहिमा गोव्यातलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि समुद्री संशोधन केंद्र आखतं. मोहिमेत शास्त्रज्ञांबरोबर विद्युत, यांत्रिकी आणि वाहन दुरुस्तीची माणसंही लागतात, त्यामुळे आयटीआय केलेल्यांनीही त्या केंद्राच्या जाहिराती पाहत राहाव्यात.

तोवर पायथन शिका आणि आयस्कॅटची मापं मॅड्रिगल या खुल्या संग्रहातून उतरवून घ्या. पहिला सराव म्हणून उल्का रडारच्या एका महिन्याच्या वाऱ्यातून सरासरी, चोवीस तासांचा आणि बारा तासांचा हिस्सा वेगळा काढा. प्रश्न १३ मधल्या तिन्ही चुका त्या एका सरावात भेटतात.